अप्पांची खोली गार होईना

मैसूरच्या माणसाला हवेचा गर्व असतो. बेंगळूरवाल्याला पगाराचा असतो, मंगळूरवाल्याला माशांचा, आमच्याकडे हवा. माझे सासरे, म्हणजे अप्पा, तर ही हवा आपणच करून ठेवली आहे अशा थाटात बोलायचे. पुण्याकडचे पाहुणे आले की त्यांना व्हरांड्यात बसवायचं आणि विचारायचं, "पंखा लागतोय का? सांगा, लागतोय का?" पाहुणा बिचारा मानेचा घाम पुसत म्हणायचा, "छे छे, अजिबात नाही." मग अप्पा माझ्याकडे बघून हसायचे, जणू मी पुण्याची बाजू घेऊन भांडत होते.

वास्तविक आमच्यापैकी कुणाचा पुण्याशी संबंध राहिलेला नाही. आमची माणसं कुठल्या तरी काळी फौजेबरोबर इकडे आली आणि परत जायचं राहून गेलं. घरात मराठी टिकली, पण अशी की पुण्याचा पाहुणा ऐकताना तोंडावर रुमाल धरतो. आम्ही "सुम्ने बसा" म्हणतो, म्हणजे उगीच काही न करता बसा. हे या गावाचं मुख्य काम आहे आणि हवा त्याला साथ द्यायची.

मग हवा फिरली. गेल्या काही उन्हाळ्यांत मैसूरलाही उकडायला लागलं, पण कबूल कोण करणार? लोक घामाघूम होऊन म्हणायचे, "आज जरा वारा पडलाय." आमच्या घराच्या मागे शेजाऱ्यानं तीन मजली इमारत उभी केली, तेव्हापासून मागच्या अंगणात ना ऊन यायचं ना वारा. आणि त्याच सुमारास अप्पांचं हृदय थकलं. डॉक्टर म्हणाले, पाणी बेतानं, मीठ जवळजवळ नाहीच, आणि खोली गार ठेवा, उकाडा यांना सोसणार नाही. शेवटचं ऐकून अप्पांचा चेहरा पडला. मिठाचं त्यांना काही वाटलं नाही, पण मैसूरच्या हवेबद्दल डॉक्टरनं असं बोलावं?

माझी नणंद बेंगळूरला असते. तिचा फ्लॅट सगळा गार केलेला, खाली उतरलं की हॉस्पिटल. ती फोनवर स्पष्ट म्हणाली, "वहिनी, तुम्हाला खोली गार ठेवता येत असेल तर ठेवा. नाही जमलं तर मी अप्पांना घेऊन जाते. पण दोघांचं नाही जमणार मला, खोटं कशाला बोलू? एकच खोली मोकळी आहे."

म्हणजे अप्पा तिकडे आणि सासूबाई इकडे. सासूबाईंना आम्ही सगळे अम्मा म्हणतो. लग्न झाल्यापासून ही दोन माणसं बाळंतपणं सोडली तर कधी वेगळ्या गावात झोपलेली नाहीत, आणि बाळंतपणंही माहेरी बन्नूरला, म्हणजे तासाभराच्या बसवर. तिथंही अप्पा दर रविवारी जाऊन बसायचे. आता या वयात त्यांना असं तोडायचं? अप्पांनी मात्र एका वाक्यात विषय संपवला. म्हणाले, "मी इथून हलणार नाही. हलवायचंच असेल तर चार जणांना बोलवा, ते उचलून नेतील."

अम्मांना कुणी काही विचारलं नाही. त्या स्वयंपाकघरात होत्या, आणि आमच्याकडे स्वयंपाकघरातल्या माणसाला सगळं ऐकू येतं असं गृहीत धरलेलं आहे.

तर अप्पांना इथं ठेवायचं म्हणून एसी आला. हा एसी साधा नव्हता. माझा नवरा आयुष्यभर कारखान्यात यंत्रं दुरुस्त करून निवृत्त झालाय, त्यामुळे घरात साधं काही येत नाही. उन्हाळ्यात गार आणि थंडीत गरम, असा दोन्हीकडून चालणारा. "हा एसी नाही, हीट पंप आहे," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला, दूधवाल्यालासुद्धा, समजावून सांगायचे. "घरातली उष्णता उचलायची आणि बाहेर नेऊन टाकायची. विहिरीतून पाणी शेंदतो तसं."

अप्पांनी विचारलं, "म्हणजे आपला उकाडा शेजाऱ्याच्या दारात?"

"तसंच समजा."

"मग बरं आहे," अप्पा म्हणाले आणि कॉटवर आडवे झाले. इमारतीचा राग त्यांच्या मनात होताच.

आतलं यंत्र अप्पांच्या कॉटच्या समोरच्या भिंतीवर बसलं आणि बाहेरचा डबा, तो मोठ्या पंख्याचा, मागच्या अंगणात न्हाणीघराच्या भिंतीला. पहिले काही दिवस खोली अशी गार झाली की अप्पांनी कपाटातली कानटोपी मागितली. मला इतकं हायसं वाटलं की मी शाळेत, नववीच्या वर्गात गणित शिकवताना मध्येच गुणगुणले. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या.

आणि मग दुपारी खोली गार होईनाशी झाली. सकाळी झकास, संध्याकाळी झकास, पण ऐन दुपारी, जेव्हा गरज, तेव्हा आतून नुसता वारा. कोमट. यंत्र घुरघुरायचं, थांबायचं, परत घुरघुरायचं, आणि अप्पा बनियन भिजवून पडलेले. छाती भात्यासारखी वरखाली. ते बघून माझा जीव टांगणीला लागायचा, कारण घोडं कुठं पेंड खातंय ते काही केल्या कळेना आणि नणंद रोज दुपारी फोन करून विचारायची, "आत्ता किती आहे? मला थर्मामीटरचा फोटो पाठवा." फोटो पाठवला की तिकडून नुसतं "हं" यायचं. त्या "हं"चा मला संताप यायचा. पण ती तरी काय करणार, बाप तिचाही होता.

माझ्या नवऱ्यानं काम अंगावर घेतलं. आधी रिमोट. या यंत्राच्या रिमोटवर सूर्य आहे आणि बर्फाचं फूल आहे. त्यांनी अप्पांवर आरोप ठेवला की ते चुकून सूर्य दाबतात.

"मी सूर्य कशाला दाबू?" अप्पा चिडले. "बाहेर आहे तो पुरेसा नाही का?"

रिमोट जप्त झाला. तरी दुपारी कोमटच. मग जाळ्या काढून धुतल्या, इतक्या निगुतीनं की स्वतःचा चष्मा त्यांनी आयुष्यात असा धुतला नसेल. मग खिडकीला जाड पडदे, दाराखालच्या फटीला जुनं धोतर. मग यंत्राबरोबर आलेलं पुस्तक उघडून बसले. त्यात लिहिलं होतं की बाहेरच्या डब्याला मोकळी हवा हवी. "मोकळी आहे," ते म्हणाले. "मी रोज संध्याकाळी बघतो."

संध्याकाळी. कारण दुपारी मागच्या अंगणात जायची आमच्यापैकी कुणाची छाती नव्हती. ते दिवस संडिगेचे होते. महाराष्ट्रात सांडगे-कुरडया म्हणतात, त्यातलाच प्रकार. तांदळाचं पीठ शिजवून, कापडावर घालून वाळवायचं. अम्मा ते सोवळ्यात करतात. पहाटे आंघोळ करून ओलेत्यानं चूल पेटवायची, आणि एकदा कापड पसरलं की ते गोळा होईपर्यंत मागच्या अंगणात कुणी पाऊल टाकायचं नाही. बिनआंघोळीचा नको, बाजारातून आलेला नको, शाळेतून आलेली तर मुळीच नको. मी लग्न होऊन आले तेव्हा एकदा मोजे वाळत घालायला तिकडे गेले होते. त्या वर्षीचे सगळे संडिगे कामवालीला दिले गेले आणि मला कुणी एक शब्द बोललं नाही. ते न बोलणं मला अजून ऐकू येतं.

शेवटी मेकॅनिकला बोलावलं. मंडी मोहल्ल्यातून आला, कानाला फोन लावूनच आला आणि फोनवर बोलत बोलतच यंत्र बघायला निघाला. नवऱ्यानं मागच्या दाराशी जाऊन हाक दिली, "अम्मा, मेकॅनिक आलाय, डबा बघायचाय."

"अय्यो, थांबव त्याला!" आतून आवाज आला. "परका माणूस. मी आवरते आधी."

म्हणून त्याला कॉफी दिली. आमच्याकडे काहीही थांबवायचं असलं की कॉफी देतात. त्याची कॉफी आणि फोन संपेपर्यंत अम्मांनी सगळं उचलून आत नेलं, अंगणात पाणी मारलं आणि परका का होईना, दारी आलाय म्हणून दोन रेघांची रांगोळीसुद्धा घातली. मेकॅनिक गेला तेव्हा अंगण लख्ख. डबा छान घोंघावतोय. तो आत आला, वाऱ्यासमोर हात धरला आणि म्हणाला, "सूपर कूलिंग, सार." खरंच होतं. खोली बर्फ झाली होती. अप्पा चादर ओढून घेत होते. धडधाकट पोराला उचलून डॉक्टरकडे आणणाऱ्या बापाकडे बघावं तसं मेकॅनिकनं माझ्या नवऱ्याकडे बघितलं आणि गाडीला किक मारली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा कोमट.

मला वाटलं, हे यंत्र आमचा अपमान करायलाच आलंय. नवरा म्हणाला, यंत्र असं करत नाही, यंत्राला कारण असतं. मी म्हटलं, मग शोधा की कारण, अप्पा तिकडे वितळतायत. ते म्हणाले, गणिताच्या बाईंनी जरा शांत राहावं. असं आमचं त्या दिवसांत चाललं होतं.

उगादीला, म्हणजे पाडव्याला, मात्र दिवसभर खोली गार राहिली. दुपारीसुद्धा. अप्पांनी कडुनिंबाची पानं आणि गूळ खाल्ला, डॉक्टरला न सांगता होळिगेचा, म्हणजे पुरणपोळीचा, एक तुकडा खाल्ला आणि मस्त झोपले. नवऱ्यानं तिथल्या तिथे निष्कर्ष काढला, "सणाची सुट्टी आहे, वर्कशॉप बंद आहेत, व्होल्टेज चांगलं येतंय. म्हणजे व्होल्टेजचाच प्रॉब्लेम." मलाही पटलं. पटण्यासारखंच होतं. सणाच्या दिवशी अम्मा संडिगे घालत नाहीत हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, पण त्याचा एसीशी काय संबंध? दोन गोष्टी एका वेळी खऱ्या असल्या म्हणून त्या एकमेकींना बांधलेल्या नसतात, असं मी मुलींना दरवर्षी शिकवते. फार चांगलं शिकवते.

मेकॅनिक दुसऱ्यांदा आला. पुन्हा हाक, पुन्हा "अय्यो, थांबव", पुन्हा कॉफी. या वेळी त्यानं घड्याळासारखं काहीतरी नळीला जोडून गॅस बघितला. गॅस भरपूर. वारा गारेगार. "सार," तो जरा दुखावूनच म्हणाला, "यात काही नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." माझ्या नवऱ्याला, ज्यानं कारखान्यात अशा कैक मेकॅनिकना कामं सांगितली, त्याला हे ऐकावं लागलं. ते त्या रात्री जेवले नाहीत नीट.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारचा फोटो बघून नणंद म्हणाली, "बास. साकु. रविवारी मी गाडी घेऊन येते. अप्पांची बॅग भरून ठेवा."

मी अप्पांना सांगायला गेले. मला वाटलं होतं, ते चार जणांचं परत म्हणतील, ओरडतील, निदान चेष्टा करतील. ते छतावरच्या पंख्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं." एवढंच. "बरं" म्हणणारे अप्पा मी कधी बघितले नव्हते. मला त्या यंत्राला लाथ घालावीशी वाटली.

शनिवारी शाळा अर्धा दिवस होती. मी घरी आले तेव्हा नवरा मंडी मोहल्ल्यात स्टॅबिलायझर आणायला गेला होता, शेवटचा उपाय म्हणून. व्होल्टेजवर त्यांचा अजून विश्वास होता. मी सरळ अप्पांच्या खोलीत गेले. पडदे ओढलेले, यंत्र घुरघुरतंय, आणि आत भट्टी. अप्पा टॉवेलनं छाती पुसत बसले होते.

मला बघून म्हणाले, "तिच्या फ्लॅटात बाथरूम खोलीतच आहे म्हणे?"

"हो, अप्पा."

"बरं झालं. उठलो तर कुणाला हाक मारायला नको." मग जरा श्वास घेऊन म्हणाले, "तुझ्या अम्मांना सांगून ठेव, मागच्या दाराला दोन्ही कड्या घालायच्या. ती वरचीच घालते. खालची मी घालतो, तिला माहीतच नाही."

मला ते सहन झालं नाही. मी तिथून उठले, चप्पल पायात तशीच, अंगावर शाळेची साडी, हाताला खडू, आणि मागचं दार धाडकन उघडून अंगणात गेले. मी त्या डब्याला जाब विचारणार होते. सोवळं गेलं खड्ड्यात.

तिथं डबा दिसतच नव्हता. डब्याच्या जागी एक तंबू होता.

अम्मांनी बाजेचं तोंड डब्याच्या पंख्याला लावलं होतं. बाजेवर धुतलेलं कापड आणि कापडावर ओळीनं संडिगे. बाजेच्या चारी खुरांना काठ्या बांधून त्यावरून जुनं नऊवारी लुगडं टाकलेलं, वरून आणि तिन्ही बाजूंनी, खाली विटा ठेवून घट्ट केलेलं. डब्यासकट. आतून गरम वारा सुटला होता आणि लुगडं फुगत होतं. तंबूच्या तोंडाशी, धुण्याच्या दगडावर, अम्मा कावळा हाकायची काठी घेऊन बसल्या होत्या. डोळे लाल.

मी गणित शिकवते, पण एवढं यंत्र मलाही कळतं. खोलीतली उष्णता उचलून तो डबा बाहेर टाकायचा, लुगडं ती अडवायचं, आणि डबा तीच परत आत ओढायचा. मेकॅनिक आला की लुगडं उठायचं, मेकॅनिक गेला की लुगडं पडायचं. आणि आम्ही मंडी मोहल्ला पालथा घालत होतो.

"अम्मा, हे काय आहे?" मी जवळजवळ ओरडलेच.

"इथं ऊन कुठं येतं आता?" त्या शांतपणे म्हणाल्या. "समोर ती माडी उभी केली त्यानं. गच्चीवर चढायला गुडघे देत नाहीत. ह्याचा वारा बघ किती कडक आहे, सुम्ने वाया जात होता. लुगडं घातलं की बाहेर जात नाही. दिवसात वाळतात."

मी रागानं हात पुढे केला आणि त्या कापडावरून एक संडिगे उचलला. खडूच्या हातानं. मग जाणवलं, अम्मांनी मला अडवलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी गडबडून तो तसाच तोंडात टाकला. अर्धा ओला होता. आणि अगदी सपक.

"मीठ विसरलात की, अम्मा."

"विसरीन कशी? त्यांना चालत नाही ना." त्यांनी काठी मांडीवर घेतली. "तिथं कोण करून घालणार? पोर ऑफिसला जाते. नुसत्या सारभाताबरोबर त्यांना घास जात नाही, काहीतरी कुरकुरीत लागतं. ती गारव्याचं बोलली ना फोनवर, त्याच दिवशी मी बन्नूरहून तांदूळ मागवले. म्हटलं, यंत्राचा काय भरवसा? असू देत तयार. उद्या नेणार, त्याच्या आत वाळायला हवेत. अजून एक घाणा राहिलाय बघ."

सगळे त्यांचेच होते. कापडावरचा एकूण एक संडिगे अप्पांचा होता. अप्पा जाणार म्हणून त्या इथं बसून वाळवत होत्या, आणि त्या वाळवत होत्या म्हणून अप्पा जाणार होते. माझा राग कुठं गेला मला कळलं नाही.  सांगावं, अम्मा, तुमच्या या लुगड्यानंच त्यांना बेंगळूरला धाडलंय. शब्द ओठांवर आले होते. पण त्या लाल डोळ्यांकडे बघून हे बोलणारी बाई मी नव्हते, आणि नाही याचं मला बरं वाटतं.

मी म्हटलं, "अम्मा, ह्या डब्याच्या वाऱ्यात तेल असतं. कॉम्प्रेसरचं. संडिगेला वास लागेल. अप्पांना चालायचा नाही."

"अय्यो, देवा!" त्या ताडकन उठल्या. गुडघे वगैरे विसरून. "आधी का नाही सांगितलंस?"

"गच्चीवर ऊन आहे. मी नेते वर. आंघोळ करून नेते," मी घाईनं म्हटलं.

त्या दिवशी मी भर दुपारी डोक्यावरून पाणी घेऊन, ओलेत्यानं, ती बाज आणि ते कापड एकटीनं गच्चीवर चढवलं. लग्नात मिळालेला सोवळ्याचा वारसा असा एकदम अंगावर आला. खाली उतरले तर अप्पांच्या खोलीतून गार वारा दाराबाहेर येत होता. अप्पा झोपले होते. छाती संथ चालली होती. मी थर्मामीटर बघितला आणि खात्री करायला पुन्हा एकदा बघितला.

तेवढ्यात नवरा घामानं निथळत स्टॅबिलायझर घेऊन आला. मी काही बोलायच्या आत त्यांनी तो भिंतीला ठोकला, वायर जोडली, काटा हलला, खोलीत गेले आणि बाहेर आले ते सिकंदराच्या चेहऱ्यानं. "बघितलंस? मी पहिल्यापासून म्हणत होतो! व्होल्टेज!"

"हो ना," मी म्हटलं. "तुम्ही म्हणतच होतात."

काय करणार, दोन माणसांना एकदम वाचवायचं होतं. आजही आमच्या रस्त्यावर कुणाचा एसी बिघडला की लोक माझ्या नवऱ्याला बोलावतात आणि ते स्टॅबिलायझर लावायला सांगतात. कुणाकुणाचा दुरुस्त होतोही म्हणे.

रविवारी नणंद आली. दुपारचं जेवण होईपर्यंत ती अप्पांच्या खोलीत बसली, थर्मामीटरकडे बघत, मग अंगावर पदर लपेटून. भावानं तिला व्होल्टेज समजावून सांगितलं. शेवटी म्हणाली, "एवढं गार राहत असेल तर मग कशाला न्यायचं?" तिच्या चेहऱ्यावरून केवढं तरी ओझं उतरलं. तिला बाप हवा होता, पण घर सोडून आलेला, गप्प बसलेला बाप सांभाळायची तिलाही धास्ती होतीच. मी तिला दोष देत नाही. अप्पांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग माझी टोपी द्या," आणि कूस बदलली. नवऱ्यानं भरलेली बॅग रिकामी केली. आम्ही सगळे एकदम मोठ्यानं बोलायला लागलो, हसायला लागलो. कुणीतरी कॉफी केली. मीच केली.

संध्याकाळी ती निघाली. आम्ही तिला पोचवायला गाडीपाशी गेलो, तर फाटकाशी अम्मा उभ्या. ठेवणीतली साडी, केसांत फूल, एका हातात हळदीकुंकवाचं तबक आणि दुसऱ्या हाताशी संडिगेचा कडीचा डबा, वर पांढरं फडकं बांधलेलं. नणंद गाडीत बसली, दार लावलं, गाडी सुरू केली. अम्मा गोंधळल्या. काचेवर टकटक करून म्हणाल्या, "अगं, वेडे, अप्पा राहिले की!"

 दुपारीच सगळं ठरलं होतं, सगळ्यांना सांगून झालं होतं, शेजारच्यालासुद्धा. अम्मांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मी पुढे झाले. "अम्मा, अप्पा जात नाहीत. खोली गार होते आता. ते इथंच राहणार."

 मला वाटलं, आता हसतील. देवाला हात जोडतील. त्यांचा चेहरा रागानं लाल झाला.

"कधी ठरवलं?"

"दुपारीच…"

"आणि मला आता सांगतेस?" त्यांनी तबक गाडीच्या टपावर ठेवलं. "इतके दिवस मी रोज मागे बसून रडून घेतलं. कुणाला दिसू नये म्हणून रडून घेतलं. त्यांच्याशी सगळं बोलून झालं माझं मनातल्या मनात, निरोप देऊन झाला. आणि आता म्हणतेस जात नाहीत." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "ते खरंच जातील तेव्हा मी परत हे सगळं कसं करू गं?"

 नणंदेनं गाडी बंद केली, खाली उतरली आणि आईला धरलं. अम्मांनी तिचा हात सोडवला, तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि आत गेल्या. बऱ्याच वेळानं मी अप्पांच्या खोलीत डोकावले तर त्या कॉटच्या कडेला, त्यांच्या पायांशी बसल्या होत्या. अप्पा झोपले होते आणि त्या त्यांच्यावर चिडून बघत होत्या.